मंडईत ढोलकी वाजू द्या



हलके धान कापून होते, भाऊबीज येते आणि आपल्या भंडारा-गोंदियाकडे गावोगावी मंडया भरू लागतात. लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात. दिवसा दंडार किंवा खडी गंमत, रात्री नाटक. यंदाची मंडई ठरवायला गाव बसेल, त्याआधी चार शब्द कानी घालावेत म्हणून आज पिकाऐवजी ढोलकीविषयी लिहितो.

खडी गंमत म्हणजे उभ्याने करायचा खेळ. शाहीर, ढोलक्या, तुणतुणेवाला, टाळकरी आणि लुगडे नेसलेला नाच्या, एवढाच संसार. गण-गौळण जुनीच असते. पुढे बोलणी रंगली की धानाचा भाव, दारू, हुंडा, मोबाईल, काहीही येते. साज जुना आणि विषय आजचा, हेच तिचे बळ आहे.

याचा अनुभव मला खात्याच्या कामात आला. धानाच्या बियाण्याला मिठाच्या पाण्याची प्रक्रिया सभेत सांगितली की लोक माना डोलावतात आणि घरी जाऊन विसरतात. एका शाहिराने त्याचे नवराबायकोचे भांडण केले. नवरा तरंगलेले पोचट बी फेकायला तयार नाही. बायको त्याला १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ असा हिशेब ऐकवते. पुढे ते प्रमाण गावच्या पोरांनीच मला म्हणून दाखवले.

अशी माणसे दूरदेशीही आहेत. पश्चिम आफ्रिकेतील माली देशात आपल्या भाटांसारखी वंशावळी गाणारी घराणी आहेत. त्यांचे 'कोरा' हे वाद्य अर्ध्या भोपळ्यावर कातडे ताणून करतात, तारा २१. २०२४ साली वारलेले तुमानी जाबाते यांनी ते जगभर ऐकवले. त्यांचे जोडीदार अली फार्का तुरे (१९३९-२००६) तर स्वतःला आधी शेतकरी म्हणवीत. नायजर नदीकाठच्या निआफुंके गावी त्यांची शेती. त्यांनी जुन्या चाली गिटारवर घेतल्या, अमेरिकेचा ग्रॅमी पुरस्कार मिळवला आणि २००४ मध्ये ते गावचे नगराध्यक्ष झाले. नवे वाद्य घेतले, पण गाव आणि बोली सोडली नाही.

आपल्या झाडीपट्टीच्या नाटकांनीही किबोर्ड, ऑक्टोपॅड घेतला. गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली त्याच रंगभूमीसाठी पद्मश्री मिळाली. नवे येऊ द्यावे. मात्र डीजेच्या दणदणाटात ढोलकी ऐकूच आली नाही, तर ती शिकणार कोण?

म्हणून मंडईच्या पंचमंडळींना तीन गोष्टी सांगतो. खेळ चालू असेतो भोंगे बंद ठेवा. शाहिराची बिदागी आधी ठरवा आणि खेळ संपताच हातावर ठेवा. आणि गावातली दोन पोरे ढोलक्याच्या हाताखाली बसवा. बियाणे आपण दरसाल राखतो. हेही बियाणेच आहे.