उतारा नाहीं, म्हणून पत नाहीं?

आठवडे बाजारांत विळे-खुरपीं पाजवून घेण्यासाठीं आपण सर्वच लोहाराच्या भात्यापाशीं बसतों. परंतु त्या भात्यांतील कोळसा कोणत्या व्याजाच्या पैशानें आला, याची चौकशी फारच थोडे करतात. शिवणकाम करणारी विधवा, भाजीची पाटी घेऊन बसणारी बाई, यांचीहि तीच गोष्ट.

आपल्या सोसायटीच्या दप्तरीं सात-बाराचा उतारा हीच पत होय. हें व्यवहारास धरून आहे खरें. पण सहकाराच्या मूळ हेतूस धरून नाहीं. इंग्रजी मुलखांत १९०४ सालीं पतपेढ्यांचा जो कायदा झाला, त्याच्या प्रस्तावनेंतच शेतकऱ्यांच्या जोडीस कारागीर व अल्प साधनांचे लोक यांचा निर्देश आहे. (आपला मराठवाडा त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होता.) सावकाराच्या पाशांतून शेतकरी जो कांहीं सुटला, तो एकमेकांच्या जामीनकीवर सुटला, आणि बाहेर पडल्यावर त्यानें मागचें दार लावून घेतलें, असें कष्टानें म्हणावें लागतें.

सातारा जिल्ह्यांतील माण तालुका पावसाच्या बाबतींत आपल्या वैजापूरहून सुदैवी नाहीं. तेथें म्हसवड गांवीं रस्त्याच्या कडेस लोहारकाम करणाऱ्या एका बाईस पावसाळ्यापूर्वीं खोपटावर घालावयाच्या आच्छादनासाठीं पैसे सांठवावयाचे होते. पण इतक्या अल्प रकमेचें खातें बँका उघडीनात. तेव्हां श्रीमती चेतना सिन्हा यांनीं स्त्रियांचीच सहकारी बँक काढण्याचें मनांत घेतलें. पुष्कळ प्रवर्तक स्त्रिया निरक्षर, म्हणून रिझर्व्ह बँकेनें पहिला अर्ज नाकारला. त्या बाया अक्षरें शिकल्या, पुन्हां अर्ज घेऊन गेल्या, आणि आम्ही व्याज तोंडीं सांगतों, तुमचे अधिकारी यंत्रावर करून पाहोत, असें त्यांनीं बजाविलें. १९९७ सालीं माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढें धंद्याचें शिक्षण देणारी शाळाहि तिच्या जोडीस निघाली.

पैसे बुडाले तर काय, असें कित्येक सभासद विचारतील. दर निवडणुकीस कर्जमाफीची वाट पाहणाऱ्या आपण ही शंका काढावी, हें जरा विनोदाचेंच आहे. तरीहि शंका रास्त आहे. म्हणून आमची सूचना अशी कीं, नफ्याचा लहानसा भाग निराळा काढावा; अर्जदारास ओळखणाऱ्या पांच सभासदांनीं जामीन राहावें; रक्कम एका हंगामाच्या मालापुरतीच द्यावी, व हप्ता बाजारच्या दिवशींच घ्यावा. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यांत नाममात्र सभासदाची सोय आहेच. पोटनियम आड येत असतील, तर ते दुरुस्त करतां येतात.

येत्या वार्षिक सभेपुढें हा ठराव आणण्याचें आम्हीं योजिलें आहे. ज्यांस अनुमोदन द्यावयाचें असेल, त्यांनीं आपलें नांव चिटणीसांकडे आगाऊ द्यावें.