सरासरीच्या आड दडलेला अन्याय

हुडकेश्वर २०१३ साली नागपूर महानगरपालिकेच्या हद्दीत घेण्यात आले. त्यायोगे तेथील एकाही माणसाचा ताप उतरला नाही, एकाही गरोदर बाईची पायपीट वाचली नाही. बदलला तो फक्त सरकारी मापदंड. ग्रामीण भागात सपाटीवर ३०,००० लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा दंडक आहे. त्याच २०१३ साली मंजूर झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाने शहराला ५०,००० वस्तीमागे एक केंद्र पुरेसे मानले. म्हणजे दीड लाख माणसांना खेड्यात पाच केंद्रांचा हक्क, शहरात तीनच!

शहरात मेडिकल आहे, मेयो आहे, हे उत्तर तयारच असते. पण मुलाच्या लसीसाठी वा मधुमेहाच्या गोळ्यांसाठी मेडिकलची रांग धरावयाची, तर बांधकामावरील मजुराने त्या दिवसाच्या रोजीवर पाणी सोडावयाचे. सेवा लोकांच्या दाराजवळ असावी, हे भोर समितीने १९४६ सालीच सांगितले होते.

या हिशेबी न्यायाची परंपरा जुनी आहे. वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने १९८४ साली प्रादेशिक असमतोल मोजला, तो जिल्हा हा घटक धरून. राज्याच्या सरासरीखाली जिल्हा जेवढा उतरला, तेवढा त्याचा अनुशेष. एकूण आकडा निघाला सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा. त्यात विदर्भाचा वाटा १,२४६ कोटींचा. विदर्भाची उपेक्षा सरकारी कागदावर सिद्ध झाली, हे समितीचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु जिल्ह्याच्या सरासरीत मेडिकलच्या खाटा रामटेकच्या जंगलपट्टीतील आदिवासीच्याही नावावर पडतात, आणि अमरावती शहरातील रुग्णालये मेळघाटच्या कुपोषित बालकाच्याही. अनुशेषाच्या नावाने गळा काढणाऱ्या पुढाऱ्यांना हे माप फार मानवले. रुपयांतून इमारती निघतात आणि इमारतींतून ठेकेदार!

इंग्लंड काही समाजवादी राष्ट्र नव्हे. तरीही तेथील सरकारी आरोग्यसेवेचा पैसा विभागवार कसा वाटावा हे ठरविणाऱ्या कार्यगटाने १९७६ साली मृत्यूचे प्रमाण हे माप घेतले: जेथे माणसे अधिक मरतात तेथे गरज अधिक, म्हणून पैसाही अधिक. वेल्समधील खाणकामगारांच्या गावात डॉक्टरकी करणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी तर १९७१ सालीच बजावले होते की, जेथे गरज सर्वांत मोठी तेथेच चांगली सेवा सर्वांत दुर्मीळ असते, आणि बाजाराचा शिरकाव जितका अधिक तितकी ही विषमता अधिक.

येथे मृत्यू राहोत, माणसे तरी मोजली जातात काय? २०२१ साली व्हावयाची जनगणना त्या वर्षी झालीच नाही. हुडकेश्वरसारख्या शहराच्या कडेला वसलेल्या वस्त्यांना २०११ चे आकडे लावणे म्हणजे वाढत्या पोराला जुना सदरा घालणे होय. प्रभागाप्रभागातील बालमृत्यू, मातामृत्यू, रिक्त पदे आणि औषधपाण्यापायी बुडालेली मजुरी दरवर्षी जाहीर करा व निधी त्या हिशेबाने वाटा, ही मागणी घेऊन कार्यकर्त्यांनी महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्याही दारात उभे राहिले पाहिजे.