बालाजी घाटावरील सनई
काशीच्या घाटांवरील काही जुन्या हवेल्यांत आता हॉटेले थाटली आहेत. तेथे भुताची चाहूल लागावी म्हणून मुद्दाम जागणारे हौशी प्रवासीही असतात! बालाजी घाटाची कथा निराळी आहे. सनईवादक बिस्मिल्ला खाँ (१९१६–२००६) पोरवयात तेथील बालाजी मंदिरात रियाज करीत. काही दिसले तरी कोणापाशी बोलू नये, ही मामा अलीबक्ष यांची ताकीद. एकदा समोर दाढीधारी, हसतमुख बाबा उभे राहिले, असे खाँसाहेब पुढे सांगत. मुलगा थरथरत मामांकडे धावला. त्यांनी आधी विषय टाळला. पण मुलाने सांगताच थोबाडीत दिली. मौन मोडले होते ना! देऊळ मात्र सुटले नाही; पुढे कित्येक वर्षे त्यांची सनई तेथेच घुमत राहिली.