करार पाळल्यावाचून ऐक्य टिकत नाही

डिसेंबर १९२० मध्ये नागपूरच्या अधिवेशनात काँग्रेसने आपली प्रांतिक रचना भाषेच्या पायावर उभारण्याचे ठरविले. राष्ट्र एक असावे आणि त्यात भाषा अनेक असाव्यात, यात विसंगती नाही, हा त्या निर्णयाचा आशय होता. त्याच नागपूरने १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत मध्य प्रदेशाच्या राजधानीचा मान गमावला. मराठी माणसांनी एका राज्यात यावे म्हणून विदर्भाने दिलेली ही किंमत होती, याचा मुंबई-पुण्याला सोयिस्कर विसर पडला आहे.

नवस्वतंत्र देशांच्या राज्यकर्त्यांना प्रदेशाची अस्मिता म्हणजे फुटीचे बीज वाटते. पाकिस्तानने पूर्व बंगालवर उर्दू लादली. १९५२ मध्ये ढाक्यात विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या आणि १९७१ मध्ये तो देशच दुभंगला. भारताने भाषावार राज्ये मान्य केली व तो अखंड राहिला. पण भाषा एक असली म्हणजे न्याय आपोआप होतो, असे नाही. तेलुगू भाषकांचे राज्य होऊनही २०१४ मध्ये तेलंगण वेगळे झाले, ते याच कारणाने.

हा धोका आपल्याकडील धुरीणांनी आधीच ओळखला होता. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने निधी, नोकऱ्या व तांत्रिक शिक्षणातील जागा यांत विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मान्य केला. सरकारने ठराविक काळ नागपुरात वास्तव्य करावे, असेही ठरले. १९५५ मध्ये फाजल अली आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली असतानाही, याच आश्वासनांच्या भरवशावर १ मे १९६० रोजी महाराष्ट्र साकार झाला.

पुढे काय घडले? १९८४ मध्ये दांडेकर समितीने अनुशेषाचा हिशेब मांडला. घटनेच्या ३७१(२) कलमाखालील वैधानिक विकास मंडळे त्यानंतर दहा वर्षांनी आली आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली, तेव्हा ती वाढविण्याची तत्परता कोणी दाखविली नाही. सरकारचे वास्तव्य काही दिवसांच्या हिवाळी अधिवेशनापुरते उरले. कोराडी आणि चंद्रपूरच्या विजेवर राज्यातील कारखाने चालतात. राख मात्र तिथल्याच शेतांवर पडते. कापूस पिकविणारा यवतमाळचा शेतकरी कर्जापायी जीव देतो.

मग वेगळे राज्य हाच उपाय काय? राजधानी जवळ आली म्हणून सावकार दूर जात नाही. जमीन, पाणी आणि कापसाचा भाव यांविषयी मौन पाळणारी विदर्भवादी घोषणा ही मूठभरांच्या मंत्रिपदांची सोय ठरेल. परंतु ही मागणी करणाऱ्याला महाराष्ट्रद्रोही म्हणणे, हाही समाजवाद नव्हे. एस. एम. जोशी ज्या संयुक्त महाराष्ट्र समितीचे सरचिटणीस होते, तिच्या वारसांनी तरी ऐक्याचा अर्थ समतेशी जोडला पाहिजे.

म्हणून कार्यकर्त्यांनी दोन गोष्टी हाती घ्याव्यात. नागपूर कराराची कलमे गावोगाव वाचून दाखवावीत आणि प्रत्येक जिल्ह्याच्या सिंचनाचा व नोकऱ्यांचा जाहीर हिशेब शासनाकडे मागावा. हा आग्रह पुण्या-कोल्हापूरच्या साथींनी प्रथम धरावा. अन्याय ज्याच्यावर झाला, त्यानेच नेहमी ओरडावे, ही रीत बंधुभावाची नाही. तो हिशेब मिळाला नाही, तर विदर्भाने वेगळी वाट धरल्यावर त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही राहणार नाही.