ताटात परतणारी नदी

दूषित मासळीचा विषय निघाला की पुण्यातला सुशिक्षित माणूस समुद्राकडे बोट दाखवतो. ठाण्याची खाडी, फार तर जपानमधले मिनामाता. कारखान्याने समुद्रात सोडलेला पारा माशांवाटे माणसांच्या मेंदूत पोचला आणि 1956 साली तो आजार उजेडात आला, हे आपल्याला पाठ असते. मात्र शहरातल्या मासळी बाजारात येणारा चिलापी कोणत्या पाण्यात वाढला, हे विचारावेसे वाटत नाही.

वस्तुतः भूगोल सरळ आहे. पवनेला पोटात घेऊन आलेली मुळा संगमावर मुठेला मिळते आणि मुळा-मुठा पुढे भीमेला. तुळापूरला इंद्रायणीही भीमेतच येते. दोन महानगरांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे रसायनमिश्रित पाणी याच वाटेने उजनीत उतरते, आणि भिगवणचे मच्छीमार तिथेच जाळे टाकतात. हीच भीमा पंढरपुरी चंद्रभागा होते. संतकाव्य शिकवणाऱ्या आपण मंडळींनी आळंदीचा फेस पाहिलेला आहेच.

तळल्या-शिजवल्याने जंतू मरतात, शिसे वा पारा नाहीसा होत नाही. तो गाळात बसतो, तिथून किड्यांत, माशांत, माणसांत चढत जातो. म्हणून लहान माशांवर जगणाऱ्या सुरमई-मोरीत पारा अधिक साठतो. वनस्पती आणि शेवाळावर वाढणाऱ्या चिलापीत तो सहसा कमी असतो. तिसऱ्या, कालवे पाणी गाळून जगतात, त्यामुळे मैलापाण्यातले जंतूही साठवतात. गर्भवतींनी आणि लहान मुलांच्या आयांनी हा फरक जाणलाच पाहिजे.

‘मग मासेच सोडा’ हा सल्ला मला आळशी वाटतो. (तो बहुधा कधीच मासे न खाणारा देतो. मुळा-मुठेच्याच पाण्यावर हवेली-दौंडचा भाजीपालाही पिकतो, याची त्याला आठवण नसते.) शिवाय घबराटीचा फटका घाण सोडणाऱ्याला बसत नाही, जाळेवाल्याला बसतो. 2018 च्या जुलैत गोव्यात फॉर्मेलिनचा बोभाटा झाला. सरकारने बाहेरून येणारी मासळी काही दिवस बंद केली, आणि तपासण्यांवर कोणाचा विश्वास उरला नाही.

विश्वास उरावा, तर आकडे आधीच लोकांसमोर हवेत. उजनीच्या माशांची दर हंगामात, जातीनिहाय तपासणी व्हावी, आणि तिचा निकाल भिगवणच्या लिलावात व पुण्याच्या मासळी बाजारात, भावफलकाशेजारी, मराठीत लावला जावा.