मालक तेवढा बदलला

लूथरन विश्व महासंघाने १९६३ साली अदिस अबाबा येथे ‘रेडिओ व्हॉइस ऑफ द गॉस्पेल’ हे नभोवाणी केंद्र उघडले. धर्मोपदेशापेक्षा शिक्षण, आरोग्य व बातम्या यांनाच त्यावर अधिक वेळ मिळे. मार्च १९७७ मध्ये इथिओपियाच्या लष्करी राजवटीने ते ताब्यात घेतले. तेही समाजवादाच्या नावाने! मिशनचे केंद्र गेले म्हणून आपल्यातील काहींना हायसे वाटेल. पण ते जनतेच्या हाती आले काय? नभोलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मिरास नव्हे, हे आपल्याकडेही १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाचे न्या. पी. बी. सावंत यांना सांगावे लागले. तरीही झरीतील एखाद्या सेवाभावी संस्थेने आज सामुदायिक नभोवाणी केंद्र काढले, तर तिला हवामानाचा इशारा देता येईल. स्वतः मिळवलेली राजकीय बातमी देण्यास मात्र मज्जाव आहे.