नुसते सतरंजीवर बसवून शिबिर होत नाही

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्या वस्त्यांमध्ये बॅनर लागतात. दहा दिवसांचे श्रामणेर शिबिर, धम्म उपासिका शिबिर, बालसंस्कार शिबिर, संविधान कार्यशाळा, व्यक्तिमत्त्व विकास कार्यशाळा. शीव कोळीवाड्यातून अँटॉप हिल, वडाळ्यापर्यंत एक फेरी मारली तरी चार-पाच बॅनर सहज दिसतात. मध्यभागी तथागत आणि बाबासाहेब, खाली पाहुण्यांचे गोल गोल फोटो आणि अगदी तळाशी, चष्मा लावूनही वाचता येणार नाही अशा अक्षरात, शिबिरात नेमके काय शिकवणार ते.

या शिबिरांबद्दल वस्तीत दोन मते आहेत. पालक म्हणतात, "ताई, त्यापेक्षा पोरीला दहावीचा व्हेकेशन क्लास लावते. शिबिरानं काय मार्क मिळणारेत का?" आणि आपले काही कार्यकर्ते म्हणतात, शाळा-कॉलेज म्हणजे मनुवादी व्यवस्थेचे कारखाने, खरे शिक्षण चळवळीतच मिळते.

मला पालकांचे म्हणणे जास्त पटते. चार घरची धुणीभांडी करून क्लासची फी भरणाऱ्या बाईला दहावीच्या गुणपत्रिकेची किंमत कार्यकर्त्यापेक्षा चांगली कळते. बाबासाहेबांनी कधी शाळा सोडा म्हटले नाही. कोलंबिया, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ग्रेज इन असे वर्गांवर वर्ग त्यांनी पार केले. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. शिबिराला शाळेचा पर्याय म्हणून जो विकतो, त्याच्यापासून आपण सावधच राहिले पाहिजे.

कारण 'वर्गाबाहेरचे शिक्षण' हा शब्द ऐकायला गोड असला तरी आपल्यासाठी तो साधा शब्द नाही. साताऱ्याच्या शाळेत लहानगा भीमराव घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसत होता. आपल्या कितीतरी पिढ्या वर्गाबाहेरच होत्या आणि बाहेर राहून जे शिकायचे ते शिकतच होत्या. मेलेली ढोरे ओढायला, झाडू मारायला, गटारात उतरायला कुठल्या शाळेत जावे लागते? १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजाजींनी अशीच एक योजना आणली होती. मुलाने अर्धा वेळ शाळेत बसायचे आणि उरलेल्या वेळात घरी बापाचा धंदा शिकायचा. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला 'कुलकल्वी', म्हणजे कुळाच्या धंद्याचे शिक्षण, असे नाव देऊन रान उठवले. १९५४ मध्ये राजाजींना पायउतार व्हावे लागले आणि कामराज यांनी ती योजना रद्द केली.

हे जुने उकरून काढते आहे कारण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा 'दप्तराविना' दिवस सांगितले आहेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक कारागिरांकडे जाऊन काम शिकावे अशी कल्पना आहे. ही योजना आणि राजाजींची योजना एकच आहे असे मी म्हणत नाही. हाताने काम करणे वाईट असेही नाही. पण कोणत्या शाळेतले मूल कोणाकडे पाठवले जाणार, हा प्रश्न आपणच विचारायचा आहे. धारावीच्या कुंभारवाड्यातल्या मुलाला पुन्हा चाकाशीच बसवणार की त्याला एखाद्या वास्तुविशारदाच्या ऑफिसात नेणार? आणि खाजगी शाळेतली मुले कुठे जाणार? मोठी शिफारसपत्रे गोळा करायला?

मग शिबिर कशासाठी हवे? मला तरी त्याचे एकच काम दिसते. शाळेत आपल्या मुलांना बसायला शिकवतात, ऐकायला शिकवतात, लिहून घ्यायला शिकवतात. उभे राहून 'मला हे पटत नाही' म्हणायला, सभा चालवायला, ठराव मांडायला, विरोधात मत द्यायला शिकवत नाहीत. हे ज्या घरांत बापजाद्यांपासून चालत आले आहे, तिथल्या मुलांना शाळेत शिकवले नाही तरी चालते. आपल्या मुलांना ते कुठेतरी करून पाहावे लागते.

डिसेंबर १९२७ चे महाड घ्या. आपण २५ डिसेंबर म्हटले की मनुस्मृती दहन म्हणतो आणि तिथेच थांबतो. पण ती परिषद काही दिवसांचा मुक्काम होता. गावातले सवर्ण जागा देईनात, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जागा दिली आणि तिथे मांडव पडला. खेड्यापाड्यांतून हजारो माणसे आली, तिथेच राहिली, तिथेच जेवली. चवदार तळ्यावर जायला कोर्टाची मनाई होती. ती मोडून सत्याग्रह करायचा की नाही, यावर मांडवात उघड चर्चा झाली. बाजूने बोलणारे बोलले, विरोधात बोलणारेही बोलले. ज्यांना गावच्या चावडीसमोर मान वर करता येत नव्हती, ती माणसे कोर्टाचा हुकूम, कलेक्टरचे म्हणणे, आपला निर्धार यांचा हिशेब जाहीरपणे मांडत होती. त्याच परिषदेत बाबासाहेब महिलांशी बोलले. जातीची खूण ठरणारे नेसणे सोडा, लुगडे अंगभर, घोट्यापर्यंत नेसा असे त्यांनी सांगितले. नुसते सांगून भागत नाही हे ओळखून चित्रे आणि टिपणीस या कुटुंबांतल्या महिलांनी ते कसे नेसायचे ते बायकांना प्रत्यक्ष दाखवले. कार्यशाळा म्हणतात ती हीच. सांगितले, दाखवले, करवून घेतले आणि बायका त्याच नेसण्यात गावात परत गेल्या. परत जायला किती धाडस लागले असेल याचा विचार आपण करत नाही.

आयुष्याच्या शेवटच्या वर्षीही बाबासाहेबांना हीच निकड वाटत होती. जुलै १९५६ मध्ये मुंबईत राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी त्यांनी प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. पहिल्या तुकडीत विद्यार्थी किती? पंधरा. लाखोंच्या सभा घेणाऱ्या माणसाने पंधरा जणांची शाळा काढली. महापरिनिर्वाणानंतर काही महिन्यांतच ती बंद पडली आणि त्यानंतर आपण संख्येच्याच मागे लागलो.

साधारण त्याच वर्षांत अमेरिकेत काय चालले होते ते पाहण्यासारखे आहे. टेनेसी राज्यात मायल्स हॉर्टन यांनी १९३२ मध्ये हायलँडर फोक स्कूल काढले होते. वर्णभेदाच्या कायद्यांना न जुमानता काळे-गोरे तिथे एकत्र राहत, एकत्र जेवत आणि आपापल्या गावातल्या प्रश्नांवर बोलत. १९५५ च्या उन्हाळ्यात रोझा पार्क्स तिथल्या कार्यशाळेला गेल्या. तिथे शिकवायला सेप्टिमा क्लार्क होत्या. त्याच वर्षी १ डिसेंबरला माँटगोमेरीच्या बसमध्ये रोझाबाईंनी जागा सोडायला नकार दिला. त्या एका शिबिरामुळे हे घडले असे मानणे भाबडेपणाचे होईल, त्या कित्येक वर्षे संघटनेत काम करत होत्या. पण त्यांच्या तयारीत त्या कार्यशाळेचाही वाटा होता. मला त्याहून आवडते ती १९५७ ची जॉन्स आयलंडची गोष्ट. काळ्या मतदारांना नोंदणीसाठी वाचता येणे सक्तीचे होते, म्हणून तिथे प्रौढांचा वर्ग सुरू झाला. शिकवायला प्रशिक्षित शिक्षिका न घेता बर्निस रॉबिन्सन नावाच्या केशभूषा करणाऱ्या बाईला बोलावले. तिने लोकांना आधी विचारले, तुम्हाला काय शिकायचे आहे? लोक म्हणाले, सही करायला, मनिऑर्डरचा फॉर्म भरायला, नोंदणीच्या वेळी वाचून दाखवावा लागतो तो घटनेचा भाग वाचायला. तिथून पुढे असे नागरिकत्व वर्ग दक्षिणेत पसरले. १९६१ मध्ये टेनेसी सरकारने हायलँडरची मान्यताच रद्द केली. सत्तेला हे शिबिर किती बोचत होते ते यावरून कळावे.

आता आपल्या शिबिराचे वेळापत्रक पाहा. दहाची वेळ, सुरुवात साडेअकराला. वंदना, दीपप्रज्वलन, शाल, पुष्पगुच्छ, मनोगत, अध्यक्षीय मनोगत. जेवणाआधी एक व्याख्यान, जेवणानंतर दोन. समोर सतरंजीवर मुले मांडी घालून बसलेली, मागच्या रांगेत मोबाईल चालू. शेवटी प्रमाणपत्रे आणि ग्रुप फोटो. दिवसभरात माईक किती शिबिरार्थींच्या हातात गेला? बहुतेक वेळा एकाच्या, आभारप्रदर्शनासाठी. आणि 'भारतीय स्त्री आणि हिंदू कोड बिल' या विषयावर हॉलमध्ये भाषण रंगलेले असते, तेव्हा महिला मंडळ विहाराच्या मागच्या बाजूला शंभर माणसांची डाळ ढवळत असते. व्याख्यानातले एक वाक्यही त्यांच्या कानावर पडत नाही. याला शाळेचीच नक्कल म्हणायचे, फक्त फळा नाही.

श्रामणेर शिबिरांबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. तिथे मुलगा मुंडन करतो, चीवर घालतो, पहाटे उठतो, दुपारनंतर जेवत नाही आणि आपल्याच गल्लीत भिक्षेला फिरतो. रोज ज्याच्या नावाने आई ओरडते त्याच्यासमोर ती हात जोडून उभी राहते. त्या दहा दिवसांत काही मुले आतून हलतात हे मी पाहिले आहे. तिथे शरीराला काम आहे, शिस्तीला कारण आहे. मुलींच्या उपासिका शिबिरात एवढे करायला नसते, तिथे पुन्हा ऐकणेच जास्त.

आमच्या भागात आम्ही काही वर्षे छोटे प्रयोग करतो. वीस-पंचवीस मुलांपेक्षा जास्त घेत नाही. एक दिवस नुसता चालण्याचा असतो. स्टेशनच्या पाटीवर गुरु तेग बहादूर नगर लिहिले असले तरी लोकांच्या तोंडी कोळीवाडाच आहे, तिथून सुरुवात. आधी कोळी, मग फाळणीनंतर छावणीत आलेले पंजाबी आणि सिंधी निर्वासित, मग घाटावरून, कोकणातून, मराठवाड्यातून आलेले आपले लोक. मुले घरी आजी-आजोबांना विचारून येतात की आपण कधी आणि का आलो. मग वडाळ्याचे सिद्धार्थ विहार वसतिगृह, जिथल्या खोल्यांतल्या रात्री-रात्रीच्या वादांचा १९७२ च्या दलित पँथरच्या घडणीत वाटा आहे. मग माटुंगा लेबर कॅम्प. वाटेगावहून मुंबईत आलेले अण्णा भाऊ साठे इथे राहिले. शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेला माणूस इथल्या कामगारांच्या संगतीत लिहू-वाचू लागला आणि पुढे बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली 'फकिरा' लिहून गेला. शेवटी हिंदू कॉलनीतले राजगृह. एवढा इतिहास पायी एका दिवसात होतो आणि शाळेच्या पुस्तकात त्याचे एक पानही नाही.

दुसरा दिवस फॉर्मचा. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा, जातीच्या दाखल्याला कोणते पुरावे लागतात, माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा. प्रत्येकाने स्वतः लिहायचा, ताई लिहून देणार नाही. भरता भरता ही शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे आणि बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते, हे निघते. मग ती उपकार वाटत नाही.

एका कार्यशाळेत एका पाहुण्यांनी बाबासाहेबांच्या नावावर एक जोरदार वाक्य ऐकवले. व्हॉट्सअॅपवर फिरते त्यातलेच. नववीतली मुलगी उभी राहिली, "सर, हे कुठल्या खंडात आहे?" पाहुणे हसले आणि पुढे गेले. मुलगी पुन्हा उभी राहिली. आयोजकांपैकी एकाने तिला खाली बसायची खूण केली. नंतर आमच्यात यावरून चांगलेच वाजले. काहींचे म्हणणे, पाहुण्यांचा अपमान झाला, पुढच्या वर्षी ते येणार नाहीत. न आले तरी चालेल असे माझे मत होते आणि आहे. त्या मुलीने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी महाराष्ट्र शासनाने काढलेले 'लेखन आणि भाषणे'चे विहारात होते तेवढे खंड काढून आठवडाभर शोधले. त्यांना ते वाक्य सापडले नाही, पण शोधताना जे वाचले त्यावर तिघींनी पुढच्या रविवारी अर्धा तास बोलून दाखवले. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे की वक्त्याने जितका वेळ बोलायचे तितकाच वेळ प्रश्नांना द्यायचा आणि स्वयंपाकाला सकाळचे सत्र मुलांचे, दुपारचे मोठ्या पुरुषांचे. भात दोनदा करपला. खाल्ला.

"त्यांच्या शाखा रोज भरतात, आपले शिबिर वर्षातून एकदा," ही खंत मला अनेकदा ऐकवली जाते. खरी आहे. समता सैनिक दलाची परंपरा आपल्याकडेही आहे, ती रोज का भरत नाही हा प्रश्नही खरा आहे. पण एका सुरात ओरडणारी मुले तयार करण्याची स्पर्धा असेल तर ती हरलेली बरी.

आता जागेचा प्रश्न. आपल्या वस्त्या एकामागून एक पुनर्विकासात चालल्या आहेत. विहार, समाजमंदिर, व्यायामशाळेची खोली, जिथे हे सारे होते, ते सगळे आराखड्यात पुन्हा कुठेतरी दाखवावे लागते. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमात कुटुंबांच्या संख्येप्रमाणे बालवाडी आणि कल्याण केंद्राला जागा द्यावी लागते. आपले लोक आराखडा हातात आला की ३०० चौरस फुटांचे घर कोणत्या मजल्यावर ते पाहतात. साहजिक आहे. पण ते कल्याण केंद्र तळमजल्यावर आहे की लिफ्टच्या मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, त्याची चावी सोसायटीच्या कोणाकडे राहणार, संध्याकाळी मुलींना तिथे बसता येणार का, हे बिल्डरचा माणूस आपणहून सांगणार नाही. आमच्या गल्लीतल्या सोसायटीची सर्वसाधारण सभा पुढच्या महिन्यात आहे. हे तीन प्रश्न लेखी द्यायचे ठरले आहे. सभेत उभे राहून कोण विचारणार, त्याची तालीम शनिवारी संध्याकाळी विहारात आहे. नववीतल्या त्या तिघी आता अकरावीत आहेत. त्यांनी नावे दिली आहेत, पण सभासदत्व आयांच्या नावावर असल्याने बोलावे लागणार आयांनाच. त्यामुळे शनिवारी पोरी आयांना शिकवणार आहेत.